तीन खिडक्यांचे पडदेमामा

आमच्या ऑफिसात एक माणूस फक्त पडदे ओढायला ठेवला होता असं मी सांगते, तेव्हा लोकांना वाटतं बाई फेकतेय. फेकत नाही. एकोणीस वर्षं मामा माझ्या टेबलापासून सात पावलांवर उभे असायचे आणि त्यांचं काम एकच होतं: साहेबांच्या बैठकीच्या खोलीतल्या लेदरच्या सोफ्यावर ऊन पडू द्यायचं नाही. कागदोपत्री ते शिपाई. तोंडावर सगळे त्यांना मामा म्हणायचे आणि पाठीमागे पडदेमामा. मी टायपिस्ट, माझं टेबल त्या खोलीच्या दाराशीच, त्यामुळे मामांचं सगळं आयुष्य मी बसल्या जागी पाहिलं. त्यातलं थोडं मी बिघडवलंही. ते पुढे येईलच. लपवायचं असतं तर मी लिहायलाच बसले नसते.

खोली तिसऱ्या मजल्यावर, कोपऱ्यातली. दोन खिडक्या पश्चिमेला, एक दक्षिणेला, तिन्हींना जमिनीपासून छतापर्यंत काच. आताच्या साहेबांच्या वडिलांनी, म्हणजे थोरल्या साहेबांनी, धंदा जोरात चालू लागला तेव्हा हा सोफा मुद्दाम बनवून घेतला होता. तिघांचा एक, दोघांचा एक आणि दोन ऐसपैस खुर्च्या. रंग गडद मरून, दुरून काळपटच वाटायचा. त्यावर पाहुणा बसला की समोर तिन्ही खिडक्यांतून खाली पसरलेलं सगळं शहर दिसायचं आणि पाहुणा गप्प व्हायचा. धाकट्या साहेबांना पाहुणा असा गप्प झालेला फार आवडायचा.

आता कोणीही शहाणा माणूस म्हणेल, पडदे कायमचे बंद ठेवा. पण मग शहर दिसणार नाही. बरं, सोफ्यावर कापड घाला. त्यावर साहेब म्हणायचे, "कापडच घालायचं तर लेदर कशाला? सतरंजी टाका." सोफा हलवा म्हणावं, तर त्याच्या वर थोरल्या साहेबांची तसबीर होती आणि तसबिरीखालून सोफा हलवणं म्हणजे वडिलांना घराबाहेर काढणं. सोफाही दिसला पाहिजे, शहरही दिसलं पाहिजे आणि ऊन मात्र आत यायला नको. अशा हट्टांचं ओझं शेवटी कोणा तरी माणसाच्या डोक्यावर येतं. आमच्याकडे ते मामांच्या डोक्यावर आलं.

ते आलं असं. मामा दोन वर्षांच्या बोलीवर आमच्याकडे आले होते, साधे शिपाई म्हणून. त्याच वर्षी तिघांच्या सोफ्याचा उजवा हात फिकट पडला. साहेबांनी सोफ्याच्या कारागिराला बोलावलं. त्याने चामड्यावर अंगठा दाबला, वास घेतला आणि म्हणाला, "ह्याच्यावर रंगाचा थर नाही, रंग आत मुरवलाय. म्हणून हाताला असं मऊ लागतं. पण म्हणूनच ऊन सरळ आत शिरतं. आधी रंग उडतो, मग आतलं तेल सुकतं, मग भेगा. भेगा पडल्यावर मला बोलावू नका." खोलीत आम्ही सहा जण होतो आणि सहाही जणांनी माना डोलावल्या. ऐकलं फक्त एकाने, जो हातात चहाचा ट्रे घेऊन दाराशी उभा होता.

दुसऱ्या दिवशी मामा पेन्सिल घेऊन आले. दर तासाला उन्हाची कड जिथे यायची तिथे फरशीच्या सांध्यावर बारीकशी खूण करायची, शेजारी वेळ लिहायची. महिन्याच्या पहिल्या तारखेला पुन्हा. आम्ही हसलो. मी तर म्हटलं, "मामा, जमीन मोजायला आलात का?" ते म्हणाले, "बाई, ऊन रोज त्याच वाटेनं येत नाही. चोराची वाट माहीत नको का?" वर्षभराने सगळी फरशी खुणांनी भरली आणि त्यातून एक गोष्ट निघाली जी आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हती. उन्हाळ्यात दुपारचं ऊन डोक्यावर असतं, खोलीत फार शिरत नाही. खरा धोका थंडीत. थंडीतलं ऊन खाली उतरतं, दक्षिणेच्या खिडकीतून तिरपं येतं आणि भर दुपारी थेट सोफ्याच्या पाठीपर्यंत पोचतं. आपल्याला ते कोवळं आणि गोड लागतं, एवढंच.

मग त्यांचा दिनक्रम ठरला. सकाळी कोरड्या मऊ फडक्याने पुसायचं, ओलं फडकं लावायचं नाही. शनिवारी गाद्यांची अदलाबदल, डावीकडची उजवीकडे, म्हणजे झीज आणि उजेड सगळ्यांच्या वाट्याला सारखा. तीन महिन्यांनी क्रीम, तेही आधी गादीच्या पोटाशी लावून बघायचं, रंग सोडतंय का. दुपारपासून पडदे. आधी दक्षिणेचा अर्धा, मग पश्चिमेचा डावा, मग उजवा. ऊन सरकलं की मागचा उघडायचा, म्हणजे शहर पुन्हा दिसायला मोकळं. ढग आले तरी मामा जागेवर. म्हणायचे, ढग कधी फाटेल त्याचा काय भरवसा? दुपारी बारा ते संध्याकाळी सहा या वेळात त्यांनी कधी बाहेर पाऊल टाकलेलं मी पाहिलं नाही. जेवण अकराला. सोफ्यावर मात्र ते कधीही बसले नाहीत. शेजारी लाकडी स्टूल होतं, त्याच्यावर.

दोन वर्षं संपली. मामांचं घर बसने आठ तासांवर होतं. तिथे बायको होती, लोकांचे कपडे शिवायची, आणि अंथरुणाला खिळलेली आई. आमच्या कंपनीची शाखा त्याच गावात, त्यांच्या दारापासून दहा मिनिटांच्या चालीवर, आणि तिथे शिपायाची जागा रिकामी. बदलीला फक्त साहेबांचं "हरकत नाही" असं पत्र लागायचं. मामांनी अर्ज दिला, मी टाइप केला. साहेबांनी वर लिहिलं, "सध्या शक्य नाही." पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज, पुन्हा तेच. चौथ्या वर्षानंतर मी अर्जाचा मजकूर जपूनच ठेवला, फक्त तारीख बदलायची.

मामी दर गुरुवारी अकराला माझ्या टेबलावर फोन करायच्या. मामा यायच्या आत दोन शब्द माझ्याशी. "ताई, काय म्हणाले हो तुमचे साहेब?" मी म्हणायची, "बघतो म्हणाले." त्या म्हणायच्या, "त्यांचे डोळे चांगलेच मोठे दिसतात, इतकी वर्षं बघतायत." मग साहेबांना दोन ठेवणीतल्या शिव्या घालायच्या, आणि मामा आले की आवाज एकदम मऊ करून, "अहो, जेवलात का?" मला तो दुहेरी आवाज ऐकायला मजा यायची. नंतर नंतर मजा येईनाशी झाली.

मामांची खोली मी एकदाच पाहिली, एका रविवारी ते तापाने पडले होते तेव्हा. ऑफिसच्या मागच्या गल्लीत, अजून दोघांबरोबर. भिंतीला खुंटी, खुंटीला पिशवी, पिशवीत घर. खिडकीतून ऊन सरळ त्यांच्या तोंडावर येत होतं. मी म्हटलं, "अहो, इथे एक पडदा लावा की." तापलेला माणूस हसला. "इथं कुठं लेदर आहे बाई?"

आता माझा भाग.

नवव्या वर्षी मामांच्या डोक्यात आलं की साहेब सोडत नाहीत ते दुसऱ्या कोणाला हे काम येत नाही म्हणून. मग सगळं लिहूनच काढू. महिन्यामहिन्याच्या उन्हाच्या वेळा, पडद्यांचा क्रम, क्रीम, फडकी, सगळं. वही वाचली की कोणालाही जमेल, आणि आपण सुटू. सरळ हिशेब होता. रोज माझ्या जेवणाच्या सुट्टीत ते सांगायचे आणि मी टाइप करायची. ते म्हणायचे, "बाई, साधं लिहा. लिफ्टमनला कळलं पाहिजे." पण माझ्या अंगात तेव्हा लेखिका शिरली होती. आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं टाइप केली, पहिल्यांदाच काहीतरी पुस्तकासारखं हाती आलं होतं. मी प्रस्तावना लिहिली. "नऊ वर्षांच्या अखंड निरीक्षणातून" असं लिहिलं. तक्ते आखले, आकृत्या काढल्या, "सूर्यमार्ग" असा शब्द घातला. बेचाळीस पानं झाली. मामा पानं उलटत म्हणाले, "छान दिसतंय. पण हे मी सांगितलेलंच आहे ना?"

साहेबांनी ते एका बैठकीत वाचून काढलं आणि सगळ्या स्टाफला बोलावलं. मामांच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "असा माणूस कंपनीला पुन्हा मिळणार नाही." टाळ्या झाल्या. मीच सगळ्यांत जोरात वाजवल्या, मूर्खासारख्या. चौकटीतलं प्रशस्तिपत्र मिळालं. महिन्याने बदलीचा अर्ज परत आला, त्यावर लाल शाईने तेच वाक्य होतं: असा माणूस पुन्हा मिळणार नाही. वही सुंदर बांधून काचेच्या कपाटात गेली, पाहुण्यांना दाखवायला. ती उघडून कोणी पान वाचल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

मामांनी आपल्या पायावर धोंडा मारून घेतला, आणि तो धोंडा उचलून मी त्यांच्या हातात दिला होता. हे मी त्यांना सांगितलंही. ते म्हणाले, "जाऊ द्या बाई. टायपिंग मात्र एक नंबर झालं." माझा असा तिळपापड झाला! माणसाने कधीतरी चिडावं की नाही?

पंधराव्या वर्षी आई अगदी शेवटच्या घटका मोजतेय असा फोन आला. थंडीचे दिवस. साहेबांनी वीस दिवस दिले, तेही कपाळाला आठ्या घालून. निघण्यापूर्वी मामांनी लिफ्टमनला दोन दिवस शिकवलं. लिफ्टमन हो हो म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता, पण थंडीतलं कोवळं ऊन एखाद्या वस्तूचं काही बिघडवू शकतं ही गोष्ट त्याच्या गळी उतरेना. मला म्हणायचा, "मॅडम, मी स्वतः दुपारी उन्हात जाऊन बसतो, मला कुठं काय होतं?" त्याने दक्षिणेचा पडदा बांधूनच ठेवला. मी पाहत होते. मी ओढू शकले असते. मुद्दाम ओढला नाही. मला वाटलं, होऊ दे एकदा खराब ते प्रकरण, म्हणजे हा खेळ संपेल.

मामा आईला पोचवून परत आले. खोलीत गेले आणि बराच वेळ बाहेर आलेच नाहीत. दोघांच्या सोफ्यावर कोणीतरी वर्तमानपत्र टाकून ठेवलं होतं. ते उचललं तर खाली वर्तमानपत्राच्या आकाराचा गडद चौकोन आणि भोवतीचं सगळं फिकट. साहेब आले, बघितलं. मला वाटलं आता आकांडतांडव. पण ते मामांकडे वळून जवळजवळ प्रेमाने म्हणाले, "बघितलंत मामा? तुम्ही नसलात की हे असं होतं." मग आठवल्यासारखं, "आई कशी आहे?" मामा म्हणाले, "गेली साहेब." त्यानंतर नवा नियम झाला: मामांची रजा फक्त ढगाळ महिन्यांत.

म्हणजे बघा. काम चांगलं केलं तर सुटका नाही, कारण एवढं चांगलं कोणी करत नाही. काम सोडून गेलं आणि बिघडलं तरी सुटका नाही, कारण मग तर त्यांच्यावाचून चालतच नाही हे सिद्ध झालं. मुद्दाम बिघडवावं, तर एवढ्या वर्षांची नोकरी आणि म्हातारपणाचा आधार दोन्ही गेलं. मी रात्रंदिवस ह्यातून वाट शोधत होते. मामा शोधत होते की नाही, देव जाणे. ते गाद्यांची अदलाबदल करत होते.

वाट मला एकोणिसाव्या वर्षी आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर सापडली. तिथल्या कापडाच्या दुकानात एक माणूस काचेला पातळ पारदर्शक फिल्म चिकटवत होता. मी विचारलं, हे कशाला? म्हणाला, उन्हातला जो भाग रंग खातो तो ही अडवते, काच मात्र होती तशीच दिसते. माझ्या डोळ्यांपुढे मामांचं घर उभं राहिलं. मी त्याला हाताला धरूनच वर आणला म्हटलं तरी चालेल. साहेबांना पडदे नकोसे झालेच होते, त्यामुळे त्यांना ही कल्पना आवडली. ते म्हणाले, "तीन महिने लावून बघू. काम होतं की नाही ते मामाच सांगतील, त्यांच्याइतकं कोणाला कळतं? आणि होत असेल तर मामा, त्याच दिवशी तुमच्या पत्रावर सही." हे त्यांनी माझ्यासमोर म्हटलं, मामांसमोर म्हटलं. त्या गुरुवारी मामींनी पहिल्यांदा साहेबांना शिवी दिली नाही. पुढच्या गुरुवारी म्हणाल्या, "ताई, कपाटाचा एक कप्पा रिकामा केलाय. किती कपडे असतील हो त्यांचे?"

तीन महिने मी दिवस मोजले. मामा मात्र नेहमीसारखेच. फक्त त्यांनी एक केलं: कारागिराकडून त्याच चामड्याचे दोन तुकडे मागून आणले. एक फिल्म लावलेल्या काचेमागे ठेवला, दुसरा कपाटाच्या ड्रॉवरमध्ये. मी म्हटलं, "हे कशाला आता?" म्हणाले, "साहेब विचारणार ना, मग बघून सांगायला नको?"

तो दिवस आला. साहेब, फिल्मवाला, मी आणि मामा. मामांनी दोन्ही तुकडे टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. खरं सांगते, मला आधी काही फरकच दिसला नाही. मग वाकून पाहिलं तेव्हा एक किंचित उतरल्यासारखा वाटला, तोही मामांनी बोट ठेवलं म्हणून. फिल्मवाला म्हणाला, "साहेब, शंभर टक्के कुठलीच फिल्म अडवत नाही. उजेड म्हटला की थोडा रंग जाणारच. पण जे चार वर्षांत व्हायचं ते आता वीस वर्षांत होईल." साहेबांनी हात वर करून त्याला थांबवलं. "मामा, मला एका शब्दात सांगा. आता पडद्यांची गरज आहे की नाही?"

मी मामांकडे असं पाहिलं की दगडालाही कळलं असतं. त्यांनीही माझ्याकडे पाहिलं. मग तुकड्यांकडे.

"आहे साहेब," मामा म्हणाले.

साहेबांचा चेहरा पडला, पण ते म्हणाले, "ठीक आहे, तुम्ही म्हणता तर असेल." आणि विषय संपला. फिल्मवाला आपली गुंडाळी उचलून गेला, जाताना माझ्याकडे असा बघून की बाई, मला उगाच वर आणलंत.

मी मामांना जिन्यात गाठलं. मी काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. "अहो, नखाएवढा फरक! तोही तुम्हालाच दिसणारा!"

"नखाएवढा. पण आहे ना बाई?"

"खोटं नका बोलू, पण गप्प तरी बसायचं! म्हणायचं, चालेल साहेब. एक शब्द. चालेल!"

ते कठड्याला हात टेकून उभे राहिले. मग त्यांचा आवाज असा आला की मी तो आधी कधी ऐकला नव्हता. "काचेवरच्या त्या कागदानं भागतंय म्हणालो असतो, तर मग मी इथं एकोणीस वर्षं काय करत होतो?"

दार उघडं होतं आणि माणूस उंबऱ्यावरून मागे फिरला होता, आणि मला राग येत होता तो कोणावर हेच मला कळेना.

गुरुवारी फोन आला. मी उचलला, आणि मामींचं सुरू झालं. "कसला माणूस हो तो! कबूल करून शब्द फिरवला! ह्यांनी बाहेरून फोन करून सांगितलं मला, फिल्म चांगली आहे पण साहेब ऐकेनात. त्याच्या सोफ्याला वाळवी लागो!"

मी ऐकत राहिले. दोन तुकड्यांतला नखाएवढा फरक ज्यांना लपवता आला नाही, त्या मामांनी बायकोला खोटं सांगितलं होतं. मी गप्प बसायला हवं होतं. त्यांच्या घरातली गोष्ट, मी कोण? पण बेचाळीस पानं टाइप करणारी हीच मी, तेव्हा गप्प बसता आलं नव्हतं, आता कुठून येणार? मी म्हटलं, "मामी, साहेब नाही म्हणाले नाहीत." आणि जे झालं ते सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "ह्यांना बोलावू नका आज," आणि फोन ठेवला.

चार दिवसांनी दुपारी त्या स्वतः आल्या. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. मी आवाजावरून एक दांडगी बाई मनात धरली होती. समोर उभी होती ती बारीक चणीची, केस पिकलेली, खांद्याला कापडी पिशवी, आणि बोटांना सुया टोचून टोचून पडलेले काळे ठिपके. म्हणाल्या, "मीच ती. कुठे आहेत?" साहेब बाहेरगावी होते. मी दार उघडून दिलं.

मामा स्टुलावर होते, ते उठून उभे राहिले. पश्चिमेचा डावा पडदा नुकताच ओढला होता, उजवा अजून उघडा. मामी खोलीच्या मधोमध थांबल्या. त्यांनी शहराकडे पाहिलंच नाही. सोफ्याकडे पाहिलं.

"हाच का?"

"हो," मामा म्हणाले.

त्या जवळ गेल्या, शिवणाऱ्या बायका कापड बघतात तशी दोन बोटं पाठीवरून फिरवली, आणि काही न विचारता बसल्या. मामांचा हात पुढे आला आणि तसाच राहिला. बसून त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, गादी जरा दाबून बघितली.

"मऊ आहे," त्या म्हणाल्या. आणि मग तितक्याच साध्या आवाजात, "मी एकोणीस वर्षं त्या साहेबाला शिव्या दिल्या."

मामांनी पुढे आलेला हात मागे घेतला.

"देवापुढे हात जोडतानासुद्धा द्यायची. सासूबाई विचारायच्या, तो का येत नाही गं? मी म्हणायची, ते लोक सोडत नाहीत हो. तुमच्या लेकाचा जीव तुटतो, पण ते सोडत नाहीत. तेच खरं धरून त्या गेल्या."

"मी... फरक होता गं त्यात," मामा म्हणाले. "बघायचाय का तुला? ड्रॉवरमध्ये आहेत दोन्ही तुकडे."

मामींनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या तोंडावर राग असता तर मला बरं वाटलं असतं. राग नव्हता. खूप दिवस एखाद्याची वाट बघत दारात उभं राहावं आणि कोणीतरी येऊन सांगावं की तो ह्या रस्त्याने येणारच नव्हता, तसा तो चेहरा होता. त्या उठल्या, बसल्या जागी गादीवर पडलेली वळी हाताने सारखी केली आणि पिशवी खांद्याला लावली.

"चारची बस आहे. त्या कप्प्यात मी आपली कापडं ठेवते आता. उगाच रिकामा कशाला ठेवायचा?" माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ताई, तुम्ही खरं सांगितलंत, बरं केलंत. आता गुरुवारी फोन नाही करणार. काही विचारायचं राहिलं नाही." आणि त्या दाराबाहेर पडल्या.

मी मामांना अक्षरशः ढकललं. "जा! अहो जा ना! स्टँडपर्यंत तरी जा त्यांच्याबरोबर. रस्त्यात बोला. मी बघते इथलं, मी ओढते पडदा, बेचाळीस पानं मीच टाइप केलीत!"

मामा दाराकडे दोन पावलं गेले. खरंच गेले, मी पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं. खाली जिन्यावर मामींच्या चपलांचा आवाज येत होता, फार जलद नाही, कोणी हाक मारली तर थांबता येईल इतपत. मग मामा वळले.

"बाई, उजवा एकदम ओढायचा नाही हं," ते म्हणाले. "आधी डाव्याची दोरी थोडी सैल करायची, नाहीतर मधे फट राहते. त्या फटीतून बरोबर खुर्चीच्या हातावर येतं. आणि पावणेपाचला दक्षिणेचा..."

"मामा, त्या जातायत!"

"हो, हो, जातोच. दक्षिणेचा अर्धाच उघडायचा, पूर्ण नाही, कारण ह्या महिन्यात..."

ते सांगत राहिले. मी दोरी हातात धरून उभी होते. जिन्यावरचा आवाज दुसऱ्या मजल्यावर आला, पहिल्यावर आला, आणि खालचं दार उघडून बंद झाल्याचं मला ऐकू आलं. मामा अजून सैल दोरी आणि घट्ट दोरी यांतला फरक समजावत होते, आणि दोन्ही हातांनी हवेत गाठ मारून दाखवत होते.